लाल पट्टा

"बस की गं. घाबरतीस काय?" अण्णा म्हणाले.

"घाबरत नाही. साडी चुरगळेल," मी म्हणाले. खरं तर थोडी घाबरलेच होते, पण चौदा माणसं टकामका बघत उभी असताना ते कबूल कोण करणार?

"इस्तरी करून देतो साडीला. बस."

शेवटी बसले. दस्तगीरचाचांनी माझा उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला, पट्टा ओढला आणि बक्कल लावलं. मग डावा हात. मग दोन्ही घोटे. मग छातीवरून एक रुंद पट्टा आणि शेवटी कपाळावरून एक. काळं रेक्झिन नवं कोरं होतं, त्याचा वास नाकात भरला. खुर्ची भक्कम झाली होती, कुठे कुरकुर नाही की डगमग नाही.

"आता चहा," अण्णा म्हणाले. सगळे हसले, कारण मी चहा पिणार तरी कशी?

ही आमच्या कारखान्याची रीत होती. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत बाहुबली मगदूम यांची, म्हणजे आमच्या अण्णांची, पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिथे दवाखान्यांसाठी खाटा, स्ट्रेचर, सलाईनचे स्टँड, व्हीलचेअर असला माल व्हायचा. नव्या प्रकारचा पहिला नग तयार झाला, की कारखान्यातल्याच कुणीतरी त्यात बसायचं किंवा झोपायचं, आणि एक कप चहा संपेपर्यंत उठायचं नाही. स्ट्रेचर असेल तर आडवं पडून चहा प्यायचा, सांडला तर सांडला. जिथे टोचेल, जिथे रुतेल, तिथे चाचा खडूने खूण करायचे. दस्तगीरचाचा तिथले सगळ्यात जुने कारागीर. अण्णांच्या आणि त्यांच्या वयात दोनच वर्षांचं अंतर होतं, आणि त्या दोन वर्षांवरून चाचा अण्णांवर हुकूम गाजवायचे.

त्या दिवशी मी बसायचं कारण असं की ती खुर्ची माझी होती. म्हणजे ऑर्डर मी आणलेली. पुण्याला निर्यातीच्या कागदपत्रांचा कोर्स करून मी सहा महिन्यांपूर्वी अण्णांकडे लागले होते. मगदूमांनी पगार देऊन शोभेची बाहुली ठेवलीय, असं आजूबाजूचे कारखानदार म्हणायचे, आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेतानंच म्हणायचे. सरकारी खाटांचं मोठं काम त्या वर्षी आमच्या हातून गेलं होतं. अर्धी शेड रिकामी होती. अशात मुंबईचे एक एजंट, सबनीस, त्यांच्या ईमेलला मी उत्तर दिलं आणि दोनशे खुर्च्यांचं काम आलं. 'रुग्ण स्थिर ठेवण्याची खुर्ची', मनोरुग्णालयासाठी, परदेशी जाणारी. तो ईमेल मी किती वेळा वाचला असेन, ते सांगायची सोय नाही.

चाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशी माझ्या ओठांना लावली.

"कसं वाटतंय, बेटा?"

"लग्नात घास भरवतात तसं," मी म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. ते साल दोन हजार सात होतं. सकाळी दहाला वीज जायची ती दुपारीच यायची. ग्राइंडर बंद पडले, पंखे थांबले आणि पोरं नेहमीप्रमाणे बाहेर लिंबाच्या सावलीला गेली. अण्णांचा फोन वाजला. "सबनीस आहेत," म्हणत ते ऑफिसात गेले. फाटकात पायपांचा टेम्पो येऊन हॉर्न द्यायला लागला. "आलोच बेटा," म्हणून चाचाही गेले, बशी हातात तशीच घेऊन.

शेडमध्ये मी एकटी राहिले.

पहिलं मिनिट गंमतच वाटली. मग वरच्या ओठावर एक माशी बसली. मी मान हलवायला गेले तर मान हललीच नाही. फुंकर मारली, माशी उडाली आणि तिथेच परत आली. मी चाचांना हाक मारली. पण शेजारच्या कारखान्याचा जनरेटर सुरू झाला होता, त्याच्या धडधडीत माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. पुन्हा मारली. मग अण्णांना मारली. कुणी आलं नाही.

पंधरा पावलांवर माणसं आहेत, ती माझीच माणसं आहेत आणि आत्ता परत येतील, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पुन्हा ओरडले. छातीवरचा पट्टा घट्ट नव्हता, पण श्वास पुरेना. मी हात ओढून बघितला, तसं मनगट जास्तच आवळलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसता येईना, याचंच मला सगळ्यात जास्त रडू आलं. आजही ते आठवलं की मी उगाचच मनगट चोळते.

मग उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हाताखाली चाचपडायला लागली. एक मऊ नायलॉनचा पट्टा लागला. जीव खाऊन ओढला. आतून तार सरकल्याचा आवाज झाला, सहाही बकलांच्या खिळी एकदम बाहेर आल्या आणि सगळे पट्टे खाली लोंबायला लागले. मी उठून इतक्या जोरात पळाले, की दारात चाचांवरच आदळले.

"काय गं? काय झालं?"

"सोडून गेलात मला!" मी ओरडले. मग हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले.

चाचांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. जरा वेळाने मी खुर्चीजवळ जाऊन वाकून बघितलं. लाल रंगाचा वीतभर पट्टा होता.

"चाचा, हा ड्रॉइंगमध्ये नाहीये."

"नसंल," चाचा म्हणाले.

"ड्रॉइंगमध्ये मागच्या बाजूला कुलूप आहे. किल्लीनं उघडायचं."

"असंल. मी पट्टे लावताना ड्रॉइंग कुठं बघतोय? पट्टा आला की लाल पट्टा आलाच. हाताची सवय हाय ती."

मग त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी अण्णांनी मिरजेच्या एका दवाखान्याला बांधायच्या पट्ट्यांच्या खाटा दिल्या होत्या. आठवड्याने तिथले एक म्हातारे डॉक्टर सायकल मारत कारखान्यात आले. काही न बोलता त्यांनी चाचांना तसल्याच एका खाटेवर निजवलं, चारही पट्टे बांधले आणि म्हणाले, 'आता तुला उलटी होतेय असं समज.' मग घड्याळ बघत एकेक बक्कल सोडवत बसले. दोन मिनिटं लागली. 'परवा एक पोरगा याच दोन मिनिटांत गेला असता,' डॉक्टर म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले. त्या दिवसापासून बांधायचा पट्टा असलेला एकही नग लाल पट्ट्याशिवाय आमच्या कारखान्यातून गेला नाही. चहापुरतं बसायची रीतही तेव्हापासूनचीच.

"एक ओढा, सगळे सुटले पायजेत," चाचा म्हणाले. "नर्सला कळो, पेशंटला कळो, कुणालाबी कळो."

मला ते फार आवडलं. ड्रॉइंगपेक्षा आमचा माल सरस झालाय, या विचाराने मी खूश झाले. माल ड्रॉइंगशी ताडून बघणं हे खरं तर माझं काम होतं. पण मी काय केलं? त्या लाल पट्ट्याचा फोटो काढला आणि 'आम्ही एक सुधारणा केली आहे' असं मोठ्या ऐटीत सबनीसांना कळवून टाकलं.

सबनीसांचा फोन आला होता तो एका कागदासाठी. माल मुंबईहून निघून युरोपातल्या एका बंदरात उतरणार होता आणि तिथून दुसऱ्या जहाजाने पुढे जाणार होता. त्या बंदरात बनवणाऱ्याचं घोषणापत्र लागत होतं. त्यावर कागदपत्रं सांभाळणाऱ्याची, म्हणजे माझी, सही हवी होती. दुपारी वीज आल्यावर तो कागद फॅक्समधून सुळकन बाहेर आला.

मी तो अण्णांना वाचून दाखवला. माणसाला फाशी देण्यासाठी किंवा छळण्यासाठी वापरता येईल असा माल इथून पुढे जाऊ दिला जात नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली यादी होती. फाशीचे खांब, विजेचे झटके देणारे पट्टे, अंगठ्यांच्या बेड्या, आणखी बरंच काही. आपला माल यातला नाही आणि या कामासाठी वापरला जाणार नाही, असं मी लिहून द्यायचं होतं. तळाला तिथल्या कचेरीचा पत्ता आणि फॅक्सचा नंबर होता.

"फाशीचे खांब विकतात लोक?" अण्णांनी विचारलं.

"विकत असतील. म्हणून तर यादी."

"देवा रे." अण्णांनी डोळे मिटले. जैन माणूस, संध्याकाळी दिवा लागायच्या आत जेवणारा. "आपल्याला काय करायचंय त्याचं? आपण खाटा करणारी माणसं. दे सही करून."

सबनीस गुरुवारी येणार होते, त्यांच्यासमोरच सही करावी म्हणून मी कागद टाइप करून फायलीत ठेवला. मात्र फायलीत ठेवताना यादीतल्या एका ओळीवर माझं बोट थांबलं होतं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. 'बांधून ठेवण्याच्या खुर्च्या' असं काहीतरी होतं. आपली ती नव्हे, आपली दवाखान्याची, असं मी मनाला समजावलं आणि फाईल मिटली.

सबनीस गुरुवारी आले नाहीत. सोमवारी सकाळी न कळवताच त्यांची गाडी फाटकात उभी राहिली.

पंचेचाळिशीचा गोड बोलणारा माणूस. पांढरा शर्ट, हातात जयसिंगपूरच्या भडंगाचे दोन पुडे. "वाटेत दिसलं, म्हटलं मॅडमना आवडेल." मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस, त्यामुळे मी आधीच निम्मी विरघळले होते. ते थेट खुर्चीकडे गेले. वेल्डिंग बघितलं, पट्टे ओढून बघितले, मान डोलावली. मग वाकून लाल पट्टा धरला.

"हा काढायचा," ते म्हणाले. "फोटो बघितल्याबरोबर निघालो मी."

"का हो साहेब?" चाचांनी विचारलं. "चांगला हाय की."

"ड्रॉइंगमध्ये नाही."

"त्याला पैसे लावत नाही आम्ही," अण्णा हसून म्हणाले.

"पैशाचा प्रश्न नाही, मगदूमसाहेब. बसणाऱ्याच्या हाताला काही लागता कामा नये. त्याला स्वतःला सुटता येता कामा नये."

"बरं, मग मागं लावू," चाचा म्हणाले. "नर्सच्या हाताला येईल असा."

"नर्स नसते तिथं."

ते सहज बोलून गेले. जीभ चावली वगैरे काही नाही, आम्ही एकाच धंद्यातली माणसं असल्यासारखं बोलले. शेडमध्ये ग्राइंडर चालू होते तरी मला एकदम शांत झाल्यासारखं वाटलं.

"मग कोण असतं?" मी विचारलं.

"मॅडम, ते त्यांचं त्यांना. आपण ड्रॉइंगप्रमाणे माल द्यायचा."

"किती वेळ बसवतात एका रुग्णाला?"

"लागेल तितका." त्यांनी बसायच्या फळीतलं भोक दाखवलं. "त्यासाठीच ना ही सोय. उठवायची भानगड नको."

"आणि रुग्ण बसायला नको म्हणाला तर?"

सबनीस माझ्याकडे बघून हसले. लहान मुलीकडे बघून हसावं तसं.

"नको म्हणणाऱ्यासाठीच तर आहे ही."

माझ्या मनगटाला आपोआप दुसरा हात गेला. ती माशी, तो जनरेटर, ते न पुसता आलेलं पाणी सगळं पुन्हा उभं राहिलं. मी तर पाचच मिनिटं बसले होते. माझी माणसं लिंबाखाली बसली होती, आणि माझ्या बोटांना लाल पट्टा लागला होता.

"तेवढी सही द्या मॅडम," सबनीस म्हणाले. "पट्टा काढून टाका, आणि पुढच्या महिन्यात पहिले पन्नास नग."

फाईल माझ्या हातातच होती. मी उघडली. कागद वर होता, पेन फायलीच्या खिशाला लावलेलं होतं. मी अण्णांकडे बघितलं, तर अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते पलीकडे बघत होते. तिथे चौदा माणसं काम करत होती, आणि महिनाभरापूर्वी याच जागी उभं राहून अण्णांनी त्यांना सांगितलं होतं की आता कुणाला घरी बसावं लागणार नाही. ती ऑर्डर मी आणली होती. सही केली नाही तर ती घालवणारीही मीच.

"अण्णा," मी म्हणाले, "मला हे जमणार नाही."

आवाज फार बारीक निघाला. सबनीसांनी घड्याळ बघितलं.

"दस्तगीर," अण्णा शेवटी म्हणाले, "चहा सांग."

"चहा नको मला," सबनीस म्हणाले, "परत कोल्हापूरला जायचंय, तिथलं एक काम राहिलंय."

"असं कसं? आमच्याकडं रीत हाय साहेब. नव्या मालात चहापुरतं बसायचं. कारखान्यातलं माणूस बसून झालं. आता ज्यानं माल मागवला त्यानं बसायचं." अण्णांनी खुर्चीची पाठ थोपटली. "दस्तगीर, लाल पट्टा काढ. साहेबांच्या ड्रॉइंगप्रमाणं होऊ दे."

चाचांनी खाली वाकून तार सोडली, लाल पट्टा काढला आणि खांद्यावर टाकला. सबनीस मोठ्याने हसले. सगळी पोरं हातातलं काम सोडून बघायला लागली होती, तेव्हा नाही म्हणणं त्यांना बरं दिसेना. बाह्या वर सारून ते बसले.

चाचांनी उजव्या मनगटाचं बक्कल लावलं. सबनीस हसत होते. चाचा दुसऱ्या बाजूला गेले आणि डावा हात धरला. सबनीसांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या बांधलेल्या हाताकडे.

"बस्, पुरे," ते म्हणाले.

चाचा थांबले आणि अण्णांकडे बघायला लागले.

"पुरे म्हटलं ना! सोडा!"

शेड दणाणली. चहा अजून आलाही नव्हता. चाचांनी लगबगीने जाऊन बक्कल सोडलं, त्यांच्या मनगटावरची रेघही अंगठ्याने जराशी चोळली आणि शांतपणे म्हणाले, "माणसानं पुरे म्हटलं की सोडायचं असतं, साहेब. आमी तेवढंच करतोय तीस वर्षं."

सबनीस उठले. चेहरा लाल झाला होता. मी फाईल मिटली आणि छातीशी धरली.

"सांगलीत नाही तर दुसरीकडे," ते म्हणाले. "लोखंड वाकवणारे ढीगभर आहेत." ते खोटं नव्हतं, आणि तेच मला फार लागलं. गाडी धूळ उडवत गेली. भडंगाचे पुडे टेबलावर तसेच राहिले.

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. आता ऑफिसात अण्णा काय म्हणतील, याचे मी शंभर प्रकार मनात रचले. 'पोरी, तुझं शिक्षण आम्हाला महागात पडलं' इथपासून 'उद्यापासून येऊ नको' इथपर्यंत. आत गेले तर अण्णा खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते आणि चाचा समोर पुडा फोडून भडंग खात होते.

"अण्णा, मी..."

"जीव भांड्यात पडला बघ," अण्णा म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले.

"त्या भोकाखाली भांडं ठेवायला जागा न्हवती, रोहिणी. कमोडची खुर्ची मी हजार केल्यात. भोक असलं की खाली भांड्याची चौकट असती. ह्यात न्हवती, म्हणजे साफ करायलाबी कुणी येणार न्हवतं. ड्रॉइंग आल्या दिवसापासनं मला ते दिसतंय." त्यांनी डोळे पुसले. "मी कुणाला बोललो न्हाई. म्हटलं चौदा घरं हायत. रोज झोपताना ते भोक दिसायचं."

"मलाही खुर्चीच्या पायांना जमिनीत ठोकायची भोकं दिसली होती," मी म्हणाले. "आणि यादीतली एक ओळ."

"आणि ह्याला?" अण्णांनी चाचांकडे बघितलं.

"मला काय दिसायचं?" चाचा तोंडात बकाणा भरून म्हणाले. "मी ड्रॉइंग बघतच न्हाई."

मग आम्ही तिघं इतकं हसलो, की बाहेरची पोरं आत डोकावली. एवढी मोठी ऑर्डर गेल्यावर मालक आणि कारकून पोट धरून हसताना त्यांनी कधी बघितले नसतील. अण्णांनी सगळ्यांना आत बोलावलं, काय झालं ते सरळ सांगितलं आणि दोन्ही पुडे मधे ओतले. कुणी नाराज झालं नाही असं म्हणणार नाही. पण भडंग सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळी घरी निघताना सबनीसांचं शेवटचं वाक्य पुन्हा डोक्यात आलं, आणि पायऱ्यांवरून मी परत फिरले. घोषणापत्राच्या तळाला फॅक्सचा नंबर होता.

"अण्णा, हे ड्रॉइंग त्या बंदरातल्या कचेरीला पाठवू का? दुसऱ्या कुणी केला तरी माल तिथूनच जाणार."

अण्णांनी चपला घातल्या होत्या. त्या काढून ते पुन्हा आत आले.

"पाठव. आणि आपलं नाव घाल. लपूनछपून कशाला?"

ते वर्ष कसंबसं निघालं. सोलापूरच्या एका दातांच्या कॉलेजाला स्टुलं लागली, तीच आम्ही चार महिने करत होतो. दोघंजण सोडून गेले, त्यातला एक परत आला. शेजारचे कारखानदार मला 'ऑर्डर परत पाठवणारी बाई' म्हणायला लागले. निदान बाहुली तरी म्हणायचे थांबले.

दिवाळीच्या आधी फॅक्सवर एक कागद आला. दोनच ओळी होत्या. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगशी जुळणारा दोनशे नगांचा माल दवाखान्याचं सामान म्हणून इथे आला होता, ड्रॉइंगवरून तो ओळखता आला, पुढे जाऊ न देता परत पाठवला आहे. मी तो कागद घेऊन शेडमध्ये पळत गेले आणि वेल्डिंगच्या टेबलावर उभी राहून सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. पोरांनी पाने-हातोडे पायपांवर आपटून जो गलका केला, तो शेजारच्या जनरेटरच्या वर गेला. अण्णा नुसते हात जोडून उभे होते. मला इतकं हलकं आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

"दोनशे माणसं वाचली म्हणायची," अण्णा म्हणाले.

"एका खुर्चीत एकच माणूस बसवणार होते थोडंच," चाचा म्हणाले, आणि काम करायला निघून गेले.

आमचा तो पहिला नग शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होता. चाचांनी तो मोडू दिला नाही. लाल पट्टा मात्र त्यांनी त्याच आठवड्यात परत जागेवर लावला होता.

आठ वर्षांनी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. बसवलं की ते एका अंगाला कलंडायचे. एके सकाळी चाचांनी ती खुर्ची बाहेर काढली. कपाळाचा, हातांचे आणि घोट्यांचे पट्टे कापून टाकले, जमिनीत ठोकायचे पाय काढून चाकं लावली, भोकाखाली भांड्याची चौकट जोडली. छातीवरचा एकच पट्टा ठेवला. अण्णांच्या घरी न्यायच्या आधी आपण स्वतः तिच्यात बसून एक कप चहा घेतला.

मी दर रविवारी अण्णांकडे जायचे. ते अंगणात त्या खुर्चीत बसलेले असायचे, उजवा हात लाल पट्ट्यावर. बोलता येत नव्हतं. कंटाळा आला, पाहुणा फार वेळ बसला, सून दुसऱ्यांदा औषध घेऊन आली, की अण्णा खटकन पट्टा ओढायचे. छातीवरचा पट्टा सुटून खाली पडायचा. घरात सगळ्यांना त्याचा अर्थ पाठ झाला होता. नको म्हणायचं असलं, की अण्णा पट्टा ओढायचे.

शेवटच्या रविवारी मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. अर्धा चहा झाल्यावर मी विचारलं, "अण्णा, आणखी देऊ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोटं लाल पट्ट्यावर होती. ती तशीच राहिली, पट्टा ओढला नाही. मी बशी पुन्हा भरली.